ओढ्याअलीकडचे माल्डुइन

एरलिस तिबट लग्न होऊन ओढ्याकाठच्या शेतघरी आली, तो वेल्समधल्या माल्डुइन जिल्ह्याचा शेवटचा शनिवार होता. पुढच्या सोमवारी, एप्रिलच्या पहिल्या तारखेला, सरकारने तो जिल्हा मोडला आणि रॅडनर व ब्रेकन या शेजारच्या दोन जिल्ह्यांत मिसळून पोविस नावाचा एक थोरला जिल्हा केला. त्या सकाळी सासरे गोठ्यातून आले, बूट दारात काढले आणि नव्या सुनेला अगदी गंभीरपणे म्हणाले, "पोरी, गायींना अजून कळवलेलं नाही. उगाच दूध आटायला नको."

एरलिस तेव्हा एकवीस वर्षांची होती. हसताना तिच्या हातातली किटली हिंदकळली आणि नव्या टेबलक्लॉथवर चहा सांडला. तो डाग पुढे कधीच गेला नाही. त्यावर ती बशी ठेवायची.

आता तिने सत्तरी ओलांडली आहे. गायींना अजूनही कुणी कळवलेले नाही आणि माणसांनी ऐकून घेतले असले तरी मनावर घेतलेले नाही. पोविस हे नाव कचऱ्याच्या डब्यावर असते, कराच्या कागदावर असते. तोंडात मात्र माल्डुइनच असते. इंग्रजी बोलणारे त्यालाच मॉन्टगोमरीशायर म्हणतात, पण तेही तितक्याच ठासून. बाजारात मेंढा उभा केला की लिलाववाला जुन्याच जिल्ह्याचे नाव पुकारतो. रस्सीखेचीचा संघ काढायचा असो, तरुण शेतकऱ्यांचे नाटक बसवायचे असो किंवा कुणी गेल्यावर वर्तमानपत्रात चार ओळी द्यायच्या असोत, जुना जिल्हाच लागतो. आणि या टोकाला जुन्या जिल्ह्याची हद्द म्हणजे एरलिसच्या अंगणामागचा ओढा. अलीकडे माल्डुइन, पलीकडे रॅडनर. ओढा एवढा अरुंद, की कुत्रे धावत आले तर त्याला जिल्हा ओलांडल्याचे कळतही नाही.

पलीकडे, अगदी काठावर, जुनी पाणचक्की आहे. चक्कीचे चाक कधीच कुजून गेले, पण घर राहिले आणि नाव राहिले. तिथे पर्सी बफ्टन राहतो. आमच्याकडे माणसाला आडनावापेक्षा घराच्या नावाने ओळखतात, म्हणून तो चक्कीवाला पर्सी. उंच, खांद्यातून जरासा वाकलेला, आणि ऐकायचे असले की डोके एका बाजूला कलते करणारा. लग्न केले नव्हते. आई होती तोवर आईला कुणी पसंत पडले नाही, आणि आई गेल्यावर कुणाला विचारायचे कसे, हेच तो विसरून गेला होता.

एरलिस आणि पर्सी यांचे बोलणे पन्नास वर्षे ओढ्याच्या दोन काठांवरून झाले. एरलिसच्या सासरी केरी जातीच्या मेंढ्या, पांढऱ्याशुभ्र, डोळ्यांभोवती आणि नाकावर काळे ठिपके असलेल्या. पर्सीच्या रॅडनरच्या, तपकिरी तोंडाच्या.

"मिसेस तिबट," पर्सी पलीकडून म्हणायचा, "तुमच्या मेंढ्या काजळ घालून कुठं निघाल्या? लग्नाला?"

"आमच्या निदान तोंड धुऊन निघतात," एरलिस अलीकडून म्हणायची.

तो तिला नेहमी मिसेस तिबट म्हणायचा. तिचा नवरा इव्हान वारला त्या आठवड्यात पर्सी रोज पहाटे फळीच्या पुलावरून यायचा, तिच्या मेंढ्यांना चारा घालायचा आणि कुणी उठायच्या आत परत जायचा. तिसऱ्या दिवशी एरलिसने त्याला खिडकीतून पाहिले. तेव्हाही तो नुसता टोपीला हात लावून म्हणाला, "थंडी आहे, मिसेस तिबट."

आता यजमानिणीची गोष्ट सांगायला हवी.

दर जुलैत सगळ्या वेल्समधल्या शेतकऱ्यांची मोठी जत्रा भरते. जनावरे, लोकर, घोडे, लाकूडतोडीच्या शर्यती, सगळे असते. दरवर्षी एका जुन्या जिल्ह्याकडे यजमानपण असते, आणि फिरत फिरत एका जिल्ह्याची पाळी साधारण एका तपाने येते. ज्याची पाळी, त्या जिल्ह्यातल्या बायका चहाचा मोठा तंबू चालवतात. त्यांच्यातली एक यजमानीण. ती थोरल्या किटलीतून चहा ओतते, आणि ओतण्याचीही रीत ठरलेली. आधी परजिल्ह्यातले पाहुणे, मग आपली माणसे. आपल्या माणसांनी कितीही ताटकळावे, कितीही घसे खाकरावे, यजमानीण पाहुण्यांच्या रांगेकडेच बघते.

एरलिसला दोनदा विचारले होते. पहिल्या खेपेला सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या खेपेला इव्हान इस्पितळात होता. मागच्या ऑक्टोबरात ग्वेनव्रॉन ब्रीझ पुन्हा तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ग्वेनव्रॉन तिची शाळेपासूनची मैत्रीण, चहाच्या तंबूची प्रमुख, कोंबड्या पाळणारी, आणि आवाज असा, की खालच्या खोऱ्यातल्या कोंबड्या ती इथूनही हाकू शकली असती.

"एरलिस, पुढची जत्रा आपली."

"ठाऊक आहे. मेंढ्यांनासुद्धा ठाऊक आहे."

"यजमानीण तू."

एरलिस मनुकांचा पाव कापत होती. सुरी मध्येच थांबली. "मी? अगं, माझं वय बघ."

"वयच बघून आले. पुढच्या पाळीला तू पंच्याऐंशीची होशील. किटली उचलेल का तुला? आता या वर्षात कुणाचं काही मोडू देऊ नकोस, म्हणजे झालं."

ती गेल्यावर एरलिसने फडताळातून सगळ्यात मोठी किटली काढली, नळाखाली भरली आणि एका हाताने तोलून पाहिली. मग कुणी पाहिले नाही ना, म्हणून खिडकीबाहेर बघितले. पलीकडच्या काठावर पर्सी उभा होता. त्याने टोपीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावरून म्हणाला, "यजमानीण झालात म्हणे. पण एक ध्यानात ठेवा, मिसेस तिबट. जत्रा भरते ती जमीन आमच्या रॅडनरची. चहा तुमचा, गवत आमचं."

"म्हणून तर गवताला चहाची गरज आहे," एरलिस म्हणाली. दिवसभर ती गुणगुणत होती.

मार्चमध्ये मेंढ्या विऊ लागल्या. एरलिसचा मुलगा गेराइंट आणि सून नेस्टा दोघेही पाळीपाळीने जागून थकले होते. एका दुपारी ती दोघे झोपली असताना एक मेंढी अडली आणि एरलिसने पर्सीला हाक मारली. दोघे पेंढ्यात गुडघे टेकून बसले होते. बाहेर गारांचा ताशा वाजत होता.

"मिसेस तिबट."

"हं. धरा नीट, निसटतंय."

"धरलंय. मी म्हणत होतो, लग्नाचं काय?"

"कुणाच्या?"

"आपल्या."

त्याच क्षणी कोकरू सटकन बाहेर आले, ओले, पिवळे, आणि शिंकले. एरलिसने मूठभर पेंढ्याने त्याचे तोंड पुसले. बराच वेळ पुसले.

"हे जरा आधी विचारता आलं नाही?" ती म्हणाली. "माझे हात बघा कसे झालेत."

"हात मी बघतच असतो," पर्सी म्हणाला आणि लाल झाला.

"होय म्हणते मी, पर्सी. पण आधी जुळं आहे का बघू."

जुळेच निघाले.

लग्न मे महिन्यातच करायचे ठरले, कारण डोंगरावरचे सेऑन चॅपेल जूनमध्ये कायमचे बंद व्हायचे होते. आता तिथे रविवारी आठ-दहा डोकी जमायची आणि छप्पर दुरुस्तीला आले होते. एरलिसचे पहिले लग्न तिथे लागले होते. शेवटचे लग्नही तिथे आपलेच लागावे, असे तिला वाटले. पाळकांनी मेमधला एक शनिवार दिला.

राहायचे कुठे, याचा प्रश्न पर्सीने एका वाक्यात सोडवला. "मी येतो तुमच्याकडं."

पण एरलिसच्या घरी गेराइंट, नेस्टा आणि त्यांची तीन मुले. तिला स्वतःला दूधघरावरची एक खोली. पर्सी पाणचक्कीतच जन्मलेला. येतो म्हणाला तेव्हा त्याचा हात नकळत आपल्या स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर गेला होता, हे तिने पाहिले. हा माणूस रोज सकाळी आपल्या खिडकीत उभा राहून स्वतःचे घर बघत बसेल, हे तिला स्पष्ट दिसले.

"नाही," ती म्हणाली. "मीच येते."

त्या रात्री पावासाठी मनुका कोऱ्या चहात भिजत घालताना तिच्या लक्षात आले, आणि चमचा हातातच राहिला. पाणचक्की म्हणजे रॅडनर. लग्न मेमध्ये, जत्रा जुलैत.

सकाळी ती ग्वेनव्रॉनकडे गेली. लग्नाची बातमी ऐकून ग्वेनव्रॉनने अशी आरोळी ठोकली, की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. तिने एरलिसला मिठी मारली, डोळे पुसले, केक काढला. मग केकमध्ये सुरी घालता घालता तिचाही चेहरा बदलला.

"राहणार कुठे गं?"

"पाणचक्कीत."

"ती तर ओढ्यापलीकडे."

"चार पावलं पलीकडे."

"चार पावलं असोत नाहीतर चार डोंगर. रॅडनर ते रॅडनर."

"ग्वेन, सरकारी नकाशात सगळं पोविसच आहे. कचऱ्याची गाडीसुद्धा दोन्हीकडे एकच येते."

"सरकारी नकाशाला मी कधीपासून विचारायला लागले?" ग्वेनव्रॉन म्हणाली. "यजमानीण जिल्ह्यात राहणारी, जिल्ह्यात झोपणारी हवी. माझ्या आजीच्या वेळेपासूनची रीत आहे. मी आज तुझ्यासाठी वाकवली, तर उद्या ब्रेकनवाले एखादी इंग्लंडातली बाई आणून उभी करतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक करता येईल. लग्न कर, पण जुलैपर्यंत रात्री आपल्या घरी झोपायला ये."

"सत्तरी उलटल्यावर लग्न करू, आणि रात्री नाइटगाउनवर फळीवरून ओढा ओलांडून परत येऊ? कुत्री भुंकतील गं माझ्यावर!"

दोघी हसल्या, आणि हसू संपल्यावर ग्वेनव्रॉनने केकमधली सुरी पुन्हा हातात घेतली.

"मग मी त्याला नाही म्हणून सांगू?" एरलिसने विचारले.

"असं म्हटलं का मी? चांगला माणूस आहे. रॅडनरचा असून."

"तर मग यजमानीण दुसरी बघ," एरलिस म्हणाली.

ग्वेनव्रॉनने केकचा मोठा तुकडा तिच्या बशीत वाढला. "मे संपेपर्यंत मी कुणालाही विचारणार नाही," ती म्हणाली. "माझा हट्ट आहे तो."

शेवटी किटली ती किटली, कुणी का ओतेना, असे एरलिसने घरी येईपर्यंत स्वतःला समजावले. रस्ता थोडा आणखी लांब असता तर कदाचित पटलेही असते. घरी येऊन तिने मोठी किटली फडताळाच्या मागच्या बाजूला सरकवली. पर्सीला काही सांगायचे नाही, असे ठरवले. सांगितले असते तर तो पुन्हा 'मी येतो' म्हणाला असता, आणि त्याचा हात पुन्हा त्या खुर्चीवर गेला असता.

पण ग्वेनव्रॉनचा आवाज तिच्या घरात मावणारा नव्हता. ती नेस्टाजवळ बोलली, नेस्टा गेराइंटजवळ बोलली, आणि गेराइंटने कुंपण दुरुस्त करताना पर्सीला सगळे सांगितले. पर्सीने डोके कलते करून ऐकून घेतले. मग त्याने एवढेच विचारले, "तुझं ते खोदायचं यंत्र मोकळं आहे का रे?"

एप्रिल लागला तसा पाणचक्कीच्या मागे खणण्याचा आवाज सुरू झाला. सकाळी यंत्र, दुपारनंतर फावडे. पर्सी चिखलाने माखलेला दिसायचा, आणि ओढ्यावर यायचा तो फक्त हात धुवायला. गावात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणाले, मासे पाळणार. कुणी म्हणाले, म्हातारपणी पोहण्याचा तलाव. दुकानातली बाई म्हणाली, लग्नाआधी आईची जुनी भांडी पुरतोय.

एरलिसने काठावरून विचारले, "काय चाललंय, पर्सी?"

"पाट उपसतोय."

चक्की चालू होती तेव्हा ओढ्याचे पाणी वरच्या अंगाला वळवून घराच्या मागून आणणारा एक पाट होता, हे तिला सासऱ्यांकडून ऐकून माहीत होते. तिने तो वाहता कधी पाहिला नव्हता. नुसता गवताने भरलेला खळगा.

"कशाला उपसताय?"

"तुंबलाय म्हणून."

"तुमच्या आजोबांच्या वेळेपासून तुंबलाय!"

"म्हणून तर घाई आहे," पर्सी म्हणाला आणि फावडे खांद्यावर टाकून गेला.

एरलिसला जरासे लागले. लग्नाला महिना राहिला, पडदे बदलायचे आहेत, खोलीला रंग द्यायचा आहे, आणि हा बाबा मातीत. "आपल्या लग्नापेक्षा त्याला खड्डा मोठा झालाय," ती नेस्टाला म्हणाली. नेस्टा खिडकीकडे तोंड करून हसली. तिला माहीत होते. गेराइंटलाही माहीत होते. घरात फक्त एरलिसलाच माहीत नव्हते, आणि अशी वेळ तिच्यावर पन्नास वर्षांत आली नव्हती.

लग्नाच्या दिवशी ऊन पडले. सेऑन चॅपेलच्या बाकांवर इतकी माणसे बसली, की पाळक म्हणाले, "ही सगळी मंडळी रविवारी आली असती तर छप्पर केव्हाच झालं असतं." एरलिसने निळा पोशाख केला होता. हातात सफरचंदाच्या मोहोराची डहाळी होती, आपल्या अंगणातल्या झाडाची. गाण्याला कुणी कुणाला सांगावे लागत नाही आमच्याकडे. पहिल्या कडव्यालाच चार आवाज आपोआप वेगळे झाले, आणि ग्वेनव्रॉनचा पाचवा. रॅडनरची मंडळी इंग्रजी बोलणारी, त्यांना वेल्श शब्द येईनात, पण चाल येत होती. ती त्यांनी सोडली नाही.

चहा पाणचक्कीत होता. सगळे खाली आले तर पर्सीने कुणाला आत जाऊ दिले नाही. लग्नाच्या कोटावर रबरी बूट चढवून तो सगळ्यांना ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. तिथे उपसलेल्या पाटाच्या तोंडाशी ताज्या लाकडाची एक फळी उभी बसवलेली होती.

"मी भाषण करत नाही," पर्सी म्हणाला, "कारण मला येत नाही." त्याने फळी दोन्ही हातांनी धरून वर ओढली.

पाणी आधी बिचकले. मग एक तपकिरी जीभ पाटात शिरली, पाचोळा ढकलत थोडी पुढे गेली, थांबली, मागून आणखी पाणी आले आणि एकदम सगळे धावत सुटले. माणसे काठाने धावली, सुरकुतलेली म्हातारी माणसे, टोप्या धरून. पाणी घराच्या मागून गेले, जुन्या चाकाच्या खाचेतून खळखळत उतरले आणि खाली पुन्हा ओढ्याला मिळाले. ज्या पाण्यावरून त्या घराला नाव पडले होते, त्याचा आवाज एरलिसने आज पहिल्यांदा ऐकला.

पर्सी तिच्याजवळ आला. "मला रॅडनर सोडवत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला माल्डुइन सोडायला लावायचं नाही. मग म्हटलं, घरच मधे घ्यावं. हद्द म्हणजे पाणी ना? आता पाणी दोन्हीकडून आहे."

महिनाभर त्याला मनात दिलेल्या शिव्या एरलिसला एकेक करून आठवत होत्या.

"थांबा थांबा," ग्वेनव्रॉन म्हणाली. लग्नाची टोपी सावरत ती पुढे आली. "हद्द म्हणजे ओढा. हा पाट आहे."

"ओढ्याचंच पाणी आहे, मिसेस ब्रीझ."

"खरा ओढा कुठला?"

"जुने लोक म्हणायचे, चक्की चालायची तेव्हा जास्त पाणी पाटातनंच जायचं," रॅडनरकडचा एक म्हातारा मागून म्हणाला.

"तुमचे जुने लोक काय वाटेल ते म्हणायचे!" माल्डुइनकडून उत्तर आले. आणि मग लग्नाच्या कपड्यांतच वाद जुंपला. कुणी काठी पाण्यात घालून खोली मोजू लागले. कुणी म्हणाले, पाटाच्या आत घर, म्हणजे आता पाणचक्की माल्डुइनमध्ये आली. त्यावर पर्सीच्या चुलतभावाने जाहीर केले, की तसे असेल तर तो फळी पुन्हा खाली टाकेल. चहा आत थंड होत होता.

शेवटी एरलिसच बोलली. "ग्वेन, पाण्यालाच विचारू."

पाण्याच्या दोन वाटा फुटत होत्या त्या जागी ती गेली आणि हातातल्या डहाळीचा मोहोर ओंजळीत घेऊन वरच्या पाण्यात सोडला. सगळे वाकून बघत राहिले. पांढऱ्या-गुलाबी पाकळ्या एक गिरकी घेऊन निघाल्या. दुभंगावर आल्या. काही ओढ्याने गेल्या, काही पाटाने. पुन्हा सोडल्या, पुन्हा तसेच. कुठे जास्त गेल्या, ते कुणालाही छातीठोक सांगता येईना, आणि सांगणारे दोघे निघाले तेही एकमेकांविरुद्ध.

ग्वेनव्रॉन कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाण्याकडे बघत उभी होती. तिची आजी, ब्रेकनवाले, इंग्लंडातली बाई, सगळे तिच्या चेहऱ्यावरून जाऊन आले.

"घर हद्दीवर आहे," तिने निकाल दिला. "ना त्यांचं, ना आपलं. दोघांचं. पण हद्दीवरच्या घरात एक गोष्ट बघावी लागते. पर्सी बफ्टन, पलंग कुठे लावलाय?"

"मधल्या खोलीत," पर्सी म्हणाला.

"तुमच्या घरी ओढ्याकडच्या बाजूला कोण झोपणार?"

पर्सीने डोके कलते केले. "त्या म्हणतील तसं."

"ओढ्याकडे मी," एरलिस म्हणाली. "माल्डुइनच्या बाजूला. ते पाटाकडे."

"मग झालं!" ग्वेनव्रॉन ओरडली. तिचा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. "जिल्ह्यात झोपणारी आहे! आता चहा मिळणार आहे का या लग्नात?"

जुलैत जत्रेच्या पहिल्या दिवशी तंबूत शिरायला जागा नव्हती. माल्डुइनच्या बायकांनी भल्या पहाटेपासून पाव कापले होते, तव्यावरच्या गोड टिकिया भाजल्या होत्या, आणि कुणाची साखर कुठे आहे यावर दोनदा भांडून झाले होते. एरलिस खांद्यावरून यजमानिणीचा पट्टा घालून टेबलाच्या मधोमध उभी होती. हातात घरून आणलेली तीच थोरली किटली.

"चल गं, सुरू कर," शेजारून ग्वेनव्रॉन म्हणाली. "पहाटेपासून घशात थेंब नाही माझ्या. गपचूप अर्धा कप इकडे ओत, कुणी बघत नाही."

"आधी पाहुणे," एरलिस म्हणाली.

"मी तुझी शाळेपासूनची मैत्रीण आहे!"

"म्हणूनच शेवटी."

पाहुण्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे एक उंच, खांद्यातून जरासा वाकलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. स्वच्छ दाढी केलेली, आणि बुटांना पाटाचा चिखल.

"कुठल्या जिल्ह्यातून आलात?" यजमानिणीने विचारले. हे विचारायचेच असते.

"रॅडनर," पर्सी म्हणाला. "शेजारचाच आहे मी."

तिने त्याचा कप काठोकाठ भरला आणि सगळ्यात जाड कापलेला पाव त्याच्या बशीत ठेवला. ग्वेनव्रॉनने मोठ्याने घसा खाकरला.

"साखर?"

"दोन चमचे, एरलिस," पर्सी म्हणाला.

किटली क्षणभर हवेतच थांबली. टेबलक्लॉथवर चहाचा एक थेंब पडला. एरलिसने त्याच्यावर बशी ठेवली आणि पुढच्या पाहुण्याकडे पाहिले.